स्मृतिभ्रंशाचं काम करायचं ठरवलंत तर

शनिवारी दुपारी दोननंतर माझ्या दवाखान्यात पाचच पेशंट असतात. सोमवार ते शुक्रवार फिट, अर्धांगवायू, डोकेदुखी, हातापायाच्या मुंग्या यांची रांग असते आणि एकेकाला दहा-बारा मिनिटं मिळतात. शनिवारी प्रत्येकाला पाऊण तास. सोलापुरात प्रॅक्टिस सुरू करून मला बावीस वर्षं झाली. हा शनिवार सुरू करायला त्यातली पहिली सहा गेली, आणि ती सहा वर्षं मला आजही खुपतात.

मी न्यूरॉलॉजिस्ट. डीएम, म्हणजे एमडीनंतरचं न्यूरॉलॉजीचं शिक्षण, घेणारी मुलं-मुली अधूनमधून फोन करतात. "मॅडम, डिमेन्शियात काम करायचंय, काय करू?" त्यांना जे तुकड्यातुकड्यांत सांगते ते एकदा सलग लिहून काढते आहे. या कामाचं मुख्य साधन म्हणजे वेळ. एमआरआयचं मशीन दुसऱ्याचं चालतं, वेळ मात्र स्वतःचाच काढावा लागतो. तो कसा काढायचा आणि कशावर घालवायचा, हेच पुढच्या सगळ्या लिखाणात आहे.

शिक्षणाचा रस्ता

एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिनची तीन, डीएम न्यूरॉलॉजीची तीन. म्हणजे साडेअकरा, तीही प्रत्येक प्रवेश परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तर. बालरोगात एमडी करूनही न्यूरॉलॉजीत येता येतं. डीएमऐवजी डीआरएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी, केलंत तरी काही बिघडत नाही. प्रवेशासाठी नीट-एसएस आणि एम्स, निम्हान्स, पीजीआय यांसारख्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस. याबद्दल माहिती देणारे पुष्कळ आहेत, मी त्यात वेळ घालवत नाही.

जे कुणी सांगत नाही ते असं: डीएमच्या तीन वर्षांत तुम्हाला स्ट्रोक भरपूर दिसतील, आयसीयू भरपूर दिसेल, स्मृतिभ्रंश फार थोडा दिसेल. हा पेशंट रात्री तीन वाजता स्ट्रेचरवर येत नाही. तो ओपीडीत मुलाचा हात धरून येतो आणि रेसिडेंट त्याला "वय झालंय" म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावतो. म्हणून जागा निवडताना तिथे मेमरी क्लिनिक नियमित चालतं का, हे आधी विचारा. बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि दिल्लीचं एम्स इथे हे काम अनेक वर्षं चालू आहे. तिथे प्रवेश मिळाला नाही तर महिना-दोन महिने जाऊन बसायची परवानगी काढा. आपल्या विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. तोंडी विचारलं की ड्यूटीचं कारण पुढे येतं.

आणखी तीन गोष्टी रेसिडेन्सीतच करून घ्या. मानसोपचार वॉर्डात एक महिना काढा, कारण म्हातारपणीचं नैराश्य ओळखता आलं नाही तर या क्षेत्रात तुमच्या हातून नुकसान होईल. माझ्या हातून झालं, ते पुढे सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या शेजारी दोन आठवडे बसा आणि सगळ्या चाचण्या स्वतः घेऊन बघा. तिसरं, स्पीच थेरपिस्टशी मैत्री करा. ज्याचा आजार शब्द सापडेनासे होण्यापासून सुरू होतो तो पेशंट पहिल्यांदा त्यांच्याकडेच पोचतो.

पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या एका बाईंना दाखल केलं. नाव ऑगस्टे. अलोइस अल्झायमर तिच्याशी बोलला आणि प्रश्न-उत्तरं लिहीत गेला. नवऱ्याचं नाव विचारलं तर ती स्वतःचंच नाव सांगते. दुपारी ती फुलकोबी आणि मांस खाते आहे, काय खाते आहेस विचारलं तर म्हणते पालक. १९०६ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत त्याने तिच्या मेंदूत काय सापडलं ते मांडलं. तिची फाइल पुढे हरवली आणि १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली. शंभर वर्षांनंतरही ती वाचून पेशंट डोळ्यांसमोर उभी राहते, कारण त्याने 'स्मृती कमी झालेली' एवढं लिहून पान उलटलं नाही.

माझ्या केसपेपरवर उजवीकडे एक रिकामा रकाना आहे. त्यात फक्त पेशंटचं बोलणं, त्याच्याच भाषेत. "चहा प्यायला का?" या प्रश्नावर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेलं उत्तर तिथे आहे: "ते आपलं नेहमीचं असतंच की." त्यांना चहा आठवत नव्हता, पण भाषेवरची पकड अजून इतकी होती की घरातल्या कुणालाही कळलं नसतं. चाचणीत त्या दिवशी त्यांना चांगले गुण पडले होते. दोन वर्षांनी मी तो रकाना पुन्हा वाचला तेव्हा आजाराची सुरुवात त्या वाक्यात दिसली.

दुसरी खुर्ची

पेशंटशेजारी जो बसतो त्याच्याशी वेगळं बोलल्याशिवाय निदान करू नका. वेगळं म्हणजे खरोखर वेगळ्या खोलीत. सासऱ्यांसमोर सून बोलत नाही, नवऱ्यासमोर बायको सावरून घेते, आणि ज्या मुलाने गाडी करून आणलंय त्याला पुष्कळदा घरातलं काहीच माहीत नसतं. मी पहिल्या भेटीत विचारते, "यांच्याबरोबर दिवसभर घरात कोण असतं?" ती व्यक्ती आली नसेल तर पुढच्या शनिवारी तिला घेऊन यायला सांगते.

"स्मरणशक्ती कशी आहे?" या प्रश्नाला अर्थ नाही. "बरी आहे" असं उत्तर येतं. विचारायचं असं: गेल्या दिवाळीत चकलीची भाजणी कुणी केली? त्याआधीच्या दिवाळीत? पहिल्यांदा मीठ दोनदा कधी पडलं? पेन्शन आणायला बँकेत एकटे जातात का, की आता कुणी बरोबर लागतं? हयातीचा दाखला कुणी भरला? मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला विचारा की ज्वारीची पेरणी यंदा कुणी ठरवली, पाण्याची पाळी कुणाच्या लक्षात राहते. सण, लग्नं, बारशी, लॉकडाऊन यांच्या खुंट्यांना प्रत्येक उत्तर टांगून ठेवा. "दोन वर्षांपासून" असं सांगणाऱ्या घरातून अर्ध्या तासात चार वर्षांचा इतिहास निघतो.

आजार हळूहळू चढला की एका दिवसात पायरी उतरल्यासारखा खाली आला, हे कळलं की निम्मं निदान झालं. पहिलं म्हणजे अल्झायमर असण्याचा संभव, दुसरं म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांकडे बघा. आपल्याकडे दोन्ही एकत्रही पुष्कळ भेटतात. आधी वागणं बदललं आणि विसरणं नंतर आलं तर फ्रंटोटेम्पोरल, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांपासून सुरू होणाऱ्या प्रकाराचा विचार करा. ५४ वर्षांचे एक शिक्षक लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातली जिलबी उचलून खाऊ लागले, त्यांच्या घरच्यांनी हे लाजेखातर वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि बायकोला हे जरूर विचारा: "झोपेत ओरडतात का? लाथा मारतात का? किती वर्षांपासून?" संध्याकाळी घरात लहान मुलं दिसतात, कुणीतरी कोपऱ्यात बसलंय असं म्हणतात, एक दिवस चांगला तर दुसरा दिवस पार बिघडलेला, चालणं आखडलेलं. हा लेवी बॉडीचा आजार, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक वेगळा प्रकार, असू शकतो. अशा माणसाला हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाचं इंजेक्शन दिलं तर तो लाकडासारखा ताठ होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. हे कुटुंब तुमच्याकडे येण्यापूर्वी बहुतेक वेळा देवऋष्याकडे जाऊन आलेलं असतं. त्यावरून त्यांना टोचून बोलू नका. त्यांनी माणसासाठी धावपळ केलेली असते.

माझी चूक, आणि चाचणी कशी घ्यायची

प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी पूर्व भागातल्या एक मावशी आल्या. वय ६६, बिडी कामगार, घरची भाषा तेलुगू, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मुलगा म्हणाला, "गप्प बसून असते, काही लक्षात ठेवत नाही, बिड्या वळणं पण कमी झालंय." मी ३० गुणांची नेहमीची चाचणी मराठीतून घेतली. १३ गुण. अल्झायमर लिहिलं, गोळी सुरू केली. पंधरा मिनिटांत.

चार महिन्यांनी भिवंडीहून त्यांची मुलगी आली. ती म्हणाली, "मॅडम, माझी आई हजार बिड्यांचा हिशोब तोंडी करते. नापास म्हणून किती बाजूला काढल्या, हातात किती पैसे आले पाहिजेत, तिला एका क्षणात कळतं. आणि माझा धाकटा भाऊ गेला हे तुम्हाला कुणी सांगितलं का?" मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मुलीला मध्ये बसवून मी सगळं पुन्हा तेलुगूतून केलं. ते नैराश्य होतं. गोळी थांबवली, नैराश्याचं औषध दिलं, सहा महिन्यांत मावशी पुन्हा पान कापायला बसल्या. मी त्यांच्या घरातल्या सगळ्यांसमोर माझी चूक झाली असं सांगितलं. पुढची पाच-सहा वर्षं त्या दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायच्या.

त्या १३ गुणांत काय काय मिसळलं होतं बघा. शंभरातून सात वजा करत जा. वाक्य वाचून तसं करा. एक वाक्य लिहा. दोन पंचकोन काढा. ज्या हातांनी कधी पेन्सिल धरली नाही त्यांच्याकडून आपण पंचकोन मागतो. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या या चाचणीत एक वाक्य मागे म्हणायचं असतं, 'नो इफ्स, ॲण्ड्स ऑर बट्स'. जीभ अडखळेल असं ते वाक्य आहे. त्याचा मराठीत नुसता अर्थ उतरवला तर अडखळणं निघून जातं आणि प्रश्न वेगळाच होतो.

हरियाणातल्या बल्लभगड परिसरात काम करणाऱ्या भारत-अमेरिका गटाने हे ओळखलं आणि १९९५ मध्ये हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन प्रसिद्ध केली. शाळेत न गेलेल्या खेडुतांसाठीच ती बांधलेली आहे. 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी तपासणारा म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी घराविषयी काहीतरी सांगा म्हणतो. त्याच गटाने रोजच्या कामांविषयी घरच्यांना विचारायची प्रश्नावलीही केली. ही चाचणी कशी बांधली गेली ते मुळातून वाचा. अनुवाद आणि रूपांतर यांतला फरक तिथे शिकायला मिळतो.

माझी रीत अशी आहे. चाचणीआधी तीन प्रश्न: घरात कुठली भाषा, बाजारात कुठली, शाळा किती आणि कुठल्या माध्यमात. सोलापुरात एकाच माणसाची ही तीन उत्तरं तेलुगू, कन्नड आणि मराठी अशी असतात. जी भाषा लहानपणी कानावर पडली तिच्यातच तपासायचं, दुभाषा लागला तरी. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, असं मी अनेक पेशंटमध्ये पाहिलं आहे. तारीख विचारताना इंग्रजी महिनाच हवा असा हट्ट नको, 'मार्गशीर्ष' हे बरोबर उत्तर आहे. जानेवारीच्या आसपास मी विचारते, "गड्डा भरून गेला की भरायचाय?" सिद्धेश्वराची यात्रा ज्याला कळत नाही तो सोलापूरचा माणूस काळाच्या बाहेर गेलेला असतो. बिडी कामगार बाईला २५च्या बंडलाचा हिशोब विचारते. मात्र अशा घरगुती प्रश्नांना गुण देऊ नका. त्यांनी आपल्याला माणूस कळतो. गुण देण्यासाठी प्रमाणित चाचणीच लागते, नाहीतर पुढच्या वर्षीच्या गुणांशी तुलना करता येणार नाही.

चाचणीच्या आधी कान बघा. कानात मळ असतो, श्रवणयंत्र घरी डब्यात असतं, मोतीबिंदू पिकलेला असतो. ऐकू न आलेला शब्द आठवणार कसा?

सुटण्यासारखं काही आहे का

ब्लड काउंट, साखर, सोडियम, किडनी, लिव्हर, थायरॉइड, बी-१२, गरजेप्रमाणे व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी) आणि एचआयव्ही. बी-१२ आमच्या भागात वारंवार कमी सापडतं: शाकाहार, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी. बी-१२ भरून काढल्यावर प्रत्येकाची स्मृती परत येते असं नाही, हेही घरच्यांना आधीच सांगा.

पहिल्या भेटीला औषधांची पिशवी घेऊन यायला सांगते आणि ती टेबलावर उपडी करते. झोपेची गोळी, खाजेची गोळी, लघवी रोखण्याची गोळी, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सुरू केलेली ट्रायहेक्सिफेनिडिल ही कंपावरची गोळी. यांतल्या कित्येक गोळ्या मेंदूतलं ॲसिटिलकोलिन, म्हणजे स्मृतीला लागणारं रसायन, अडवतात, म्हणजे आपण जे वाढवण्यासाठी औषध देणार तेच कमी करतात. काही पेशंट निव्वळ ही पिशवी हलकी केल्यावर सुधारतात.

एमआरआय मागवताना कोरोनल छेद मागा आणि फिल्म स्वतः बघा. हिप्पोकॅम्पसची, म्हणजे मेंदूतल्या आठवणींच्या भागाची झीज, पांढऱ्या भागातले डाग, आणि जुन्या पडण्यानंतर कवटीखाली साचलेलं रक्त. मोरीत पाय घसरल्याचं घरच्यांनी दीड महिन्यापूर्वी सोडून दिलेलं असतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि मंदपणा एकत्र दिसले तर मेंदूत पाणी साचलंय का, याचा विचार करा. त्यात शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो. रिपोर्टमध्ये 'वयोमानानुसार झीज' लिहिलंय म्हणून फाइल मिटू नका.

निदान सांगायचं कसं

"त्यांना सांगू नका, खचतील," असं दाराबाहेर मुलगा हळूच म्हणतो. मी पेशंटलाच विचारते, "तुम्हाला काय होतंय ते किती जाणून घ्यायचंय?" सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुतेकांना स्वतःबद्दल आधीच संशय असतो. एक निवृत्त तलाठी म्हणाले, "सांगा मॅडम, मला सातबारा वाचता येईनासा झालाय, आणखी काय लपवणार?"

म्हातारचळ हा शब्द माझ्या दवाखान्यात मी बोलू देत नाही. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने तर फार नुकसान केलंय. तिच्यामुळे लोक उशिरा येतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आकडा मोठा आहे. पण तोच उलटा धरून मी घरच्यांना सांगते: साठीच्या पुढच्या शंभरातल्या ९२ जणांना हा आजार नाही. म्हणजे तो वयाचा भाग नाही, मेंदूचा आजार आहे.

लवकर सांगण्याचं एक व्यवहारी कारण आहे. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र माणसाची समज गेली की कायद्याने टिकत नाही. मृत्युपत्र, बँकेतलं नॉमिनेशन, शेताच्या वाटण्या हे माणूस शाबूत असताना त्याच्याच इच्छेने व्हायला हवं. तुमच्याकडे दाखला मागायला लोक येतील. त्या दिवशी स्वतः तपासल्याशिवाय दाखला देऊ नका, आणि तपासताना वारसांना बाहेर बसवा. पेशंटला आपली मालमत्ता काय, वारस कोण, आपण काय करतोय आणि का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर ते शब्द लिहून घ्या.

औषधं: जेवढं आहे तेवढंच सांगा

डोनेपेझिल ही स्मृतिभ्रंशाची नेहमीची गोळी ५ मिलिग्रॅमने सुरू, चार ते सहा आठवड्यांनी १०. आधी ईसीजी, कारण नाडी मंदावते. भीतिदायक स्वप्नं पडू लागली तर गोळी रात्रीऐवजी सकाळी. पोटाला झेपत नसेल तर रिव्हास्टिग्मिनची पट्टी. मधल्या आणि पुढच्या टप्प्यात मेमँटिन. ही औषधं काही काळ काही जणांना थोडी मदत करतात, आजार थांबवत नाहीत. हे मी याच शब्दांत सांगते आणि सहा महिन्यांनी सुनेला विचारते, "काही फरक?" 'नाही' म्हणाली आणि मलाही दिसला नाही तर गोळी सावकाश बंद करते.

लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या नव्या औषधाबद्दल आता कोल्हापूर-सांगलीकडूनही फोन येतात. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. १८ महिन्यांच्या चाचणीत आजाराची घसरण प्लासेबोपेक्षा, म्हणजे नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा, २७ टक्के मंद होती. १८ गुणांच्या मापावर हा फरक ०.४५ गुणांचा. मेंदूला सूज येणं, रक्तस्राव होणं हे धोके, वारंवार एमआरआय, आणि उपयोग फक्त सुरुवातीच्या टप्प्यात. मला या औषधाबद्दल आशा आहे, पहिल्यांदाच आजाराच्या मुळाशी काहीतरी हललं आहे. पण २७ हा आकडा सांगताना ०.४५ हाही सांगितला पाहिजे. शेत विकायला निघालेल्या मुलाला अर्धं सत्य सांगणं पाप आहे.

आरडाओरडा, संशय, रात्रीचं फिरणं यांसाठी लगेच मनोविकाराची औषधं नकोत. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये ती मृत्यूचा धोका वाढवतात, हा इशारा २००५ पासून आहे. आधी बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, दुखणारा दात, तहान बघा. कधी उत्तर घरातच असतं. एक निवृत्त गिरणी कामगार पहाटे उठून बंद पडलेल्या गिरणीत पाळीला जायला निघायचे. अडवलं की मारायला धावायचे. त्यांच्या पत्नीने उपाय शोधला. ती त्यांना डबा भरून देई, कोपऱ्यापर्यंत बरोबर जाई, आणि तिथे म्हणे, "अहो, आज सुट्टी आहे की." दोघं परत येऊन त्याच डब्यातलं खात. मला हे कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. मी ते आता इतरांना सांगते.

सुनेची झोप

या आजाराची निम्मी फाइल सांभाळणाऱ्या व्यक्तीची असते. आमच्याकडे ती बहुधा सून किंवा बायको. प्रत्येक भेटीत तिला तीन गोष्टी विचारा: रात्री किती तास झोप लागते, स्वतःचं शेवटचं औषधपाणी कधी झालं, आणि घरात अजून कुणाला सांगितलंय. तिच्यासमोर, तिच्या नवऱ्याला आणि दिरांना, महिन्यातले चार दिवस वाटून घ्यायला सांगा. डॉक्टरांच्या तोंडून गेलं की ते ऐकतात. मी ते प्रिस्क्रिप्शनवरच लिहून देते, गोळ्यांच्या खाली.

घरासाठी: गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद, बाथरूमची आतली कडी काढून टाकायची, शर्टाच्या खिशात नाव आणि फोन नंबरचा कागद, आणि गल्लीतल्या किराणावाल्याला नीट सांगून ठेवायचं. पंढरपूर जवळ आहे. आमचे दोन पेशंट वारीच्या दिवसांत दिंडीमागे चालत निघाले होते, आणि खिशातल्या कागदामुळेच सापडले. १९९२ मध्ये केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा काही शहरांत आहेत. तुमच्या गावात नसेल तर महिन्यातून एकदा पाच-सहा घरची माणसं एकत्र बसवा. चहा पुरतो.

जिल्ह्याच्या गावातून संशोधन

प्रयोगशाळा नाही म्हणून संशोधन नाही, असं समजू नका. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पेशंटचा एकच नमुना भरा: पहिलं लक्षण आणि त्याचा महिना, शिक्षणाची वर्षं, भाषा, व्यवसाय, ऐकणं, वजन, रक्तदाब, मधुमेह, क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग (आजाराच्या तीव्रतेचं माप). नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकाची वही कुलपात. मी पहिली तीन वर्षं दर वेळी वेगळं काहीतरी टिपत गेले. त्या तीन वर्षांच्या नोंदी कशाच्याच उपयोगाच्या राहिल्या नाहीत.

प्रश्न आपल्या ओपीडीतून उचला. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ पेशंटच्या नोंदी पाहिल्या. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं त्यांना दिसलं, निरक्षरांमध्येही. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे काही अभ्यासांनी वेगळा निष्कर्ष काढला आणि तो वाद चालू आहे. पण हा प्रश्न हैदराबादसारख्या शहरात इतक्या ताकदीने विचारता आला, कारण तिथे निरक्षर माणूसही तीन भाषा बोलतो. सोलापुरातही बोलतो. केरळचे पी. एस. मथुरनाथ हे स्मृती, भाषा वगैरे तपासणाऱ्या केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स चाचणीच्या २०००च्या मूळ शोधनिबंधाचे पहिले लेखक. परत आल्यावर त्यांनी ती मल्याळममध्ये आणली. आपल्या भाषेत आणण्याचं काम दुय्यम आहे असं कुणी म्हणालं तर मला त्यांची आठवण होते.

चाचणी वापरण्यापूर्वी तिचे हक्क कुणाकडे आहेत ते बघा आणि लेखी परवानगी घ्या. नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, माहिती गोळा करणं नंतर. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या ट्रायल-नोंदवहीत नोंद. संमती पेशंटकडून. त्याला समजत नसेल तर त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीकडून, पण तरीही पेशंटने मान फिरवली किंवा हात ओढून घेतला तर तो नकार समजायचा. मुलाची सही असली तरी. संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीलाच भेटा. आकडे गोळा झाल्यावर तो फारसं काही करू शकत नाही.

मेंदूदानाविषयी बोलायला शिका. निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. जिवंतपणी केलेलं निदान खरं होतं का, हे अजूनही शेवटी तिथेच पक्कं कळतं. मी हा विषय घरच्यांकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काढते, ओळख झाल्यावर. बहुतेक नाही म्हणतात. एकदा एका बाईंनी मलाच विचारलं, "माझ्या नातीला याचा उपयोग होईल का?"

पैसा

शनिवारच्या दुपारवर दवाखाना चालत नाही. माझा दवाखाना ईईजी, नसांच्या तपासण्या आणि आठवडाभराच्या ओपीडीवर चालतो, आणि शनिवारचा खर्च त्यातून निघतो. हे आधी घरात मोकळेपणी बोलून ठेवा. पहिली नेमणूक करायची झाली तर अर्धवेळ सायकॉलॉजिस्टची करा. ते जमत नसेल तर एखाद्या चांगल्या सिस्टरना घरच्यांचा इतिहास घ्यायला शिकवा. माझ्याकडच्या सिस्टर आता माझ्यापेक्षा चांगला घेतात, कारण सुना त्यांच्याशी जास्त मोकळ्या होतात.

पेशंट गेल्याचा निरोप येतो तेव्हा फाइल लगेच कपाटात टाकू नका. मी तिच्यावर महिन्यानंतरची तारीख लिहून ठेवते आणि त्या दिवशी घरी फोन करते. फोन मुलगा उचलतो, मी सुनेला द्यायला सांगते. गेल्या शनिवारी अशाच एका ताईंना फोन केला. नऊ वर्षं त्यांनी सासूबाईंचं सगळं केलं होतं. झोप लागते का, विचारलं. म्हणाल्या, "मॅडम, अजून तीनला जाग येते. उठून त्यांच्या खोलीत बघून येते." मी त्यांना पुढच्या शनिवारी चार वाजताची वेळ दिली आहे. केसपेपर या वेळी त्यांच्या नावाने.